नावे घेणारा कैलास

माझ्या टेबलाशी येणारा मनुष्य सहसा त्रासलेला असतो. त्याचे निम्मे लक्ष कचेरीच्या दाराकडे आणि निम्मे माझ्या पेनाकडे असते. कैलास शेजूळ तेवढा वेगळा होता. तो आधी पायातली चप्पल काढायचा, ती बाजूला नीट जोडून ठेवायचा आणि मगच खुर्चीवर बसायचा. माझे कार्यालय म्हणजे कचेरीच्या भिंतीबाहेर निंबाखाली मांडलेले एक टेबल, दोन खुर्च्या आणि वर बांधलेली ताडपत्री. खाली फरशी नाही, धूळच आहे. पहिल्या भेटीत मी त्याला सांगितले की, बाबा रे, हे काही देऊळ नव्हे. त्यावर तो म्हणाला, "लिहिणाऱ्याच्या म्होरं चप्पल घालून कसं बसावं, काका?"

हे वाक्य मला किती आवडले हे लपवण्यात अर्थ नाही. मी नववीपर्यंत शिकलेला अर्जनवीस आहे. परंतु माझा मसुदा वाचून कायद्याच्या पदवीधरांनीही पसंतीची मान हलवलेली आहे, आणि ज्यांचे अर्ज मायना चुकल्यामुळे परत आले ते शेवटी माझ्याच निंबाखाली आलेले आहेत. ही गोष्ट लोक जाणतात, पण बोलून कोणी दाखवत नाही. कैलासने ती गोष्ट चप्पल काढून दाखवून दिली. त्या दिवसापासून माझा त्याच्यावर लोभ जडला.

तो देवगाव रंगारीच्या शेतकरी घरातला. वाळूजच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला होता. वय पस्तिशीच्या आसपास, अंगाने आडवा, बोलणे हळू. हा मनुष्य एका रॉक बँडचा प्रमुख असेल आणि तिथे ड्रम वाजवत असेल, असे त्याच्याकडे पाहून कोणालाही वाटले नसते. बँडचे नाव 'दगडफूल'. आपल्या काळ्या मसाल्यात पडते तेच. कारखान्यातली दोन गिटारवाली मुले, त्यांपैकी एक गाणारा, आणि कैलास. तो माझ्याकडे आला होता ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा अर्ज लिहून घ्यायला. मी कार्यक्रमाचे स्वरूप विचारले. तो म्हणाला, रॉक. मी त्याला समजावले की भजन, कीर्तन, व्याख्यान, वाद्यवृंद अशी स्वरूपे शासनाला परिचित आहेत आणि अपरिचित शब्द पाहिला की कारकुनाचा हात थांबतो. शेवटी मी 'स्वरचित मराठी गीतांचा वाद्यवृंद' असे लिहिले आणि खाली एक ओळ घातली : 'रात्री ठीक दहा वाजता कार्यक्रम बंद करण्याची हमी अर्जदार देत आहे.' ही ओळ मी प्रत्येक अर्जात घालतो. सही करण्यापूर्वी कैलासने ती दोनदा वाचली. "हमी म्हंजे शब्द झाला की, काका," तो म्हणाला, आणि मग सही केली.

पुढे प्रत्येक कार्यक्रमाचा अर्ज माझ्याच हातचा असे. कन्नड, सिल्लोड, गंगापूर, पैठणची बाजू. शहरातल्या लोकांना ठाऊक नसलेल्या गावांत ही मंडळी टेम्पोत सामान टाकून जात. सुरुवातीला लोक सिनेमातली गाणी मागत आणि ती मिळाली नाहीत की उठून जात. यांची गाणी निराळीच होती : टँकरची वाट पाहणाऱ्या घागरींची, रात्रपाळीहून सुटलेल्या बसची, मक्याच्या कणसांना लागलेल्या अळीची. अशा गाण्यांना गावोगाव माणसे जमू लागली, त्याचे कारण कैलासची एक पद्धत होती.

तो नावे घ्यायचा. दोन गाण्यांच्या मध्ये ड्रमच्या मागून उभा राहायचा, माइक हातात घ्यायचा आणि त्या गावात ज्याने ज्याने काही केले त्याचे नाव सांगायचा. टेम्पोवाला, मांडववाला, भाकरी करून घालणारी माउली, सगळ्यांची. एका गावात कार्यक्रमाच्या मध्येच जनरेटर बंद पडला. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या फाजलभाईंनी गिरणीतून वायर ओढून दिली. पुढच्या वर्षी त्याच गावात गेल्यावर कैलासने पहिले गाणे वाजवण्याआधी फाजलभाईंना गर्दीतून शोधून उभे केले. फाजलभाई नंतर स्वतःच सगळीकडे सांगत सुटले, "गाना तो मेरे सर के ऊपर से गया, लेकिन मेरा नाम लिया बंदे ने, माइक पे." त्यानंतर फाजलभाई स्वतःच्या जीपमध्ये माणसे भरून आसपासच्या कार्यक्रमांना येऊ लागले. अशी माणसे गावोगाव झाली. कैलास कोणाचेही नाव विसरत नसे. "ज्याच्या घरचा चहा पिलो त्याचं नाव घेतल्याशिवाय मला वाजवायला येत नाय," असे तो म्हणायचा, आणि ते खरे होते.

देवगावच्या कार्यक्रमाला त्याने मलाही नेले. त्याचे स्वतःचे गाव, बाजाराचा दिवस, गर्दी मोठी. मधल्या वेळेत तो उभा राहिला आणि म्हणाला की ज्यांच्या अक्षराशिवाय आमचा एक ताशा वाजत नाही ते अर्जनवीस काका आज इथे बसलेले आहेत. मी उठून चारी दिशांना हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर शेवटची बस चुकेल या निमित्ताने मी निघालो. गाणी अजून राहिली होती. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही.

त्या कार्यक्रमाच्या थोडेच आधी बँडमध्ये अंजू आली होती. खुलताबादच्या बाजूची, मेंढपाळ घरातली मुलगी. वडील गोपीनाथबुवा. त्यांची मेंढरे आता थोडीच उरली होती, बाकी मजुरी. अंजू शिक्षणासाठी शहरात मावशीकडे राहत होती. तिची जीभ तिखट. अर्जासोबत ओळखपत्राची प्रत द्यायला ती एकदा टेबलाशी आली, माझा मसुदा उभ्याउभ्या वाचला आणि कैलासला म्हणाली, "दादा, ह्याला चाल लावू का? कडवी भरपूर हायेत." कैलासने तिला डोळ्यांनी दटावले. मी हसून घेतले. पोरवयाचे बोलणे मी मनावर घेत नाही.

कैलास मात्र तिच्याविषयी बोलायला लागला की थांबत नसे. तिचे एक गाणे होते, ते नेहमी कार्यक्रमाच्या शेवटी ठेवत. त्याची सुरुवात वाद्यांशिवाय होई. डोंगर उतरताना मेंढरांना जी लांब हाक घालतात, ती हाक ती आधी एकटी द्यायची, आणि ती हाक हवेत असतानाच ड्रम सुरू व्हायचा. ती हाक तिच्या वडिलांची होती. प्रत्येक मेंढपाळाची हाक वेगळी असते आणि त्याची मेंढरे तेवढीच ओळखतात, हे मला कैलासने सांगितले. लोक आता त्या गाण्यासाठी शेवटपर्यंत थांबत. ज्यांच्याकडून ती हाक घेतली त्या गोपीनाथबुवांना मात्र याचा पत्ता नव्हता. मुलगी कुठेतरी गाते एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि तेही त्यांना पसंत नव्हते.

मग वैजापूरकडून अंजूला स्थळ आले. मुलाकडच्यांनी गाण्याचा विषय आधीच काढला होता : लग्नानंतर स्टेज नको. अंजूने घरी सांगितले की आपल्याला गायचे आहे. कैलास खुलताबादला जाऊन गोपीनाथबुवांना भेटला. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी एवढेच सांगितले की एकदा येतो, ती काय करते ते डोळ्यांनी पाहतो, आणि मग काय ते सांगतो. कैलास तिथून सरळ माझ्याकडे आला. चेहरा उजळलेला होता. "काका, त्यांना स्वतःची हाक ऐकू येऊ द्या. मग ते नाय म्हणायचे नायत."

शहरातला तो दगडफूलचा पहिलाच मोठा कार्यक्रम होता. क्रांती चौकापासून जवळ एका शाळेचे मैदान मिळाले होते. इतकी वर्षे ही मंडळी गावे फिरली, आता ती गावे इकडे येणार होती. कैलासपुढे प्रश्न होता की इतक्या लोकांची नावे घ्यायची कशी. तो सल्ला विचारायला माझ्याकडे आला आणि मी त्याला सल्ला दिला. मी म्हणालो, खेड्यात नुसते नाव घेतलेले चालते, शहरात रीतसर सत्कार करावा लागतो. शाल, श्रीफळ, फेटा. आधी कोण, नंतर कोण याचा क्रम लागतो आणि प्रत्येकाला दोन शब्द बोलण्याची विनंती करावी लागते, नाहीतर त्याला बोलावून गप्प बसवल्यासारखे होते. तो क्रम मीच लावून दिला. मायन्यात कोणाला कुठे बसवायचे हे ज्याला कळते, त्याला व्यासपीठावरचेही कळते, असे मी त्याला म्हणाल्याचे आठवते. त्याने विचारले, "आणि काका, तुम्ही?" मी म्हणालो, माझे काय, मला कुठेही बसव. त्याने मला प्रमुख पाहुणा केले.

त्या संध्याकाळी मैदान भरले होते. जीपा, मोटारसायकली, देवगावचा एक ट्रॅक्टरसुद्धा. गोपीनाथबुवा पांढऱ्या धोतरात आले. त्यांना पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवले आणि कैलासने पहिला सत्कार त्यांचाच केला. ते इतके अवघडले की शाल खांद्यावरून घसरली तरी त्यांनी ती सावरली नाही. नारळ दोन्ही हातांत धरून ते बसून राहिले.

फेटे बांधणारा मनुष्य एकच होता. तो मन लावून बांधत होता. प्रत्येकाचा फेटा होईपर्यंत सगळे थांबत, मग टाळ्या, मग फोटो, मग दोन शब्द. फाजलभाई बोलले. टेम्पोवाल्याला बोलता येईना, तो रडला. मैदान दिलेल्या शाळेचे मुख्याध्यापक शिस्तीवर बोलले. देवगावहून आलेल्या मंडळींपैकी एकाला बोलावून दुसऱ्याला न बोलावणे शक्य नव्हते. एक पुढारी उशिरा आले, म्हणून त्यांच्या हस्ते समई पुन्हा लावली. मागून कोणीतरी ओरडले, "गाणं लावा राव," आणि लोक हसले. मला ते हसणे अशिष्ट वाटले.

सगळ्यांत शेवटी मी. माझ्या हातात माइक आला तेव्हा किती वाजले होते हे मी पाहिले नाही. मी मराठवाड्याच्या भूमीविषयी बोललो, नवोदित कलावंतांच्या वाटेतल्या काट्यांविषयी बोललो, अर्जनविसीच्या व्यवसायाने समाजाची जी सेवा घडते तिच्याविषयी बोललो. अंजूच्या आवाजाविषयी तर मी विशेष बोललो. तो आवाज डोंगरकपारीतून फुटलेल्या झऱ्यासारखा आहे, असे माझे वाक्य होते. अंजू व्यासपीठाच्या पायरीशी हातात माइक धरून उभी होती आणि एकटक माझ्याकडे पाहत होती. ती भारावून ऐकते आहे असे मला वाटले.

मी बसल्यावर बँडने सुरुवात केली. गिटारवाल्या मुलाची दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या मध्यावर बंदोबस्ताचा हवालदार पायऱ्या चढून वर आला. त्याच्याही डोक्याला फेटा होता आणि काखेत नारळ. त्याने अत्यंत नम्रपणे घड्याळ दाखवले. मी उठून त्याला म्हणालो की थोडे सांभाळून घ्या. तो म्हणाला, "काका, अर्ज तुमच्याच हातचा हाय. ठीक दहा लिवलंय तुम्ही."

अंजू म्हणाली, "दादा, एकच. माझं एकच."

कैलासने टिपऱ्या उचललेल्या होत्या. त्याने हवालदाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला वाटते त्या क्षणी मी 'वाजव' म्हणालो असतो तर त्याने वाजवले असते. परंतु हमी माझ्या अक्षरातली होती आणि खाली सही त्याची. मी गळ्यातला हार सारखा केला. कैलासने टिपऱ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या, आवाज न होऊ देता.

गोपीनाथबुवा उठले. आपला फेटा काढून त्यांनी तो सोफ्यावर ठेवला. कैलास धावत खाली गेला आणि त्यांच्या पायाशी वाकला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "मान लई दिला तुम्ही," ते म्हणाले. "पोरगी कशी गाती, तेवढं ऱ्हायलं." आणि नारळ तसाच दोन्ही हातांत धरून ते फाटकाकडे चालू लागले. अंजू त्यांच्या मागे गेली. तिने माइक पायरीवर ठेवला होता. तो चालूच होता, आणि तिच्या चपलांचा आवाज काही पावले सगळ्या मैदानाला ऐकू आला.

मैदान रिकामे झाले तेव्हा कैलास ड्रमच्या पेटीवर बसला होता. शेजारी उरलेल्या शालींचा ढीग. मी त्याला म्हणालो की कार्यक्रम देखणा झाला, सगळ्यांचा यथोचित मान राखला गेला. त्याने मान वर केली नाही. "सगळ्यांची नावं घेतली, काका. तिचंच ऱ्हायलं. घरची म्हणून."

हे खरे होते. घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात, म्हणून क्रमात तिचे नाव कुठेच नव्हते. तो क्रम माझा होता.

तीन-चार दिवसांनी तो टेबलाशी आला. खुर्चीवर बसला तेव्हा चप्पल पायातच होती. त्याला गोपीनाथबुवांना द्यायला दिलगिरीचे पत्र हवे होते. मी सगळी कामे बाजूला सारली आणि माझ्या हातून होईल तितके उत्तम पत्र लिहिले. वंदनापासून सुरुवात केली, घटनेची पार्श्वभूमी मांडली, अनवधानाने घडलेल्या विलंबाची कारणे दिली, आणि पुन्हा एकवार संधी मिळावी अशी नम्र विनंती केली. ते मी त्याला वाचून दाखवू लागलो. पहिले पान त्याने ऐकून घेतले. दुसरे उलटले तेव्हा त्याने हलकेच कागदावर हात ठेवला.

"लई मोठं झालं, काका. एवढ्यात पुन्हा दहा वाजतील."

त्याने टोमणा मारला नव्हता. तसे असते तर मी त्याला उत्तर दिले असते. तो पत्र न घेताच खुलताबादला गेला. तिथे काय झाले ते त्याने मला नंतर सांगितले, तेही मी विचारल्यावर. बुवांनी वैजापूरकरांना शब्द देऊन टाकला होता. ते म्हणाले की मी तर वाट बघत बसलो होतो, नारळ धरून. लोक इतके बोलले, मला वाटले गाणे हे असेच असते, बोलण्याचे. ते चेष्टा करत नव्हते. कैलासने विनंती केली की आता इथेच ऐका, अंगणात. बुवा म्हणाले की शब्द दिल्यावर ऐकून काय करू, ऐकले तर झोप जाईल. अंजूने चहा आणून दिला. कपबशी ठेवताना ती कैलासला म्हणाली, "दादा, आता माझं नाव नका घेऊ कुठं माइकवर. तिकडच्यांना कळतं."

त्यानंतर कैलासने नावे घेणे बंद केले. दगडफूलचे आणखी काही कार्यक्रम झाले, त्यांचे अर्ज मीच लिहिले. पण तो आता ड्रमच्या मागून उठतच नसे, आणि गावोगावच्या मंडळींना चुकल्यासारखे वाटे. फाजलभाई एकदा माझ्या टेबलाशी येऊन विचारून गेले की आमच्याकडून काही गुस्ताखी झाली का. हळूहळू जीपा येईनाशा झाल्या. गिटारवाली मुले दुसऱ्या बँडमध्ये गेली. कैलासच्या कारखान्याने त्याची बदली चाकणला केली आणि ती त्याने मुकाट्याने घेतली.

तो निघाला त्या दुपारी मी मध्यवर्ती बसस्थानकावर गेलो. पिशवीत शाल आणि नारळ घेतला होता. मनात थोडे भाषणही जुळवले होते. ती सवय माझी मोडत नाही. ड्रम त्याने देवगावला घरी ठेवले होते. जवळ एक ट्रंक आणि कापडात गुंडाळलेल्या टिपऱ्या. मला पाहून तो उठला, आणि इतक्या दिवसांनी त्याने पुन्हा चप्पल काढली, फलाटाच्या त्या घाणीत. माझा हात पिशवीत होता. तो मला बाहेर काढवेना.

आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. मग त्याने विचारले, "तुम्ही तरी ऐकलंय ना काका, तिचं गाणं? देवगावला शेवटाला झालं व्हतं बघा."

देवगावला त्याने माझे नाव घेतल्यावर मी उठून आलो होतो. आणि तरीही भरल्या मैदानात, तिच्या समोर, तिच्या वडिलांच्या समोर, मी त्या आवाजावर बोललो होतो. झऱ्याचे वाक्य मला आठवले.

"नाही," मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. गाडी लागली तेव्हा त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला, "येतो काका," म्हणाला, आणि ट्रंक घेऊन वर चढला. त्याला खिडकीची जागा मिळाली. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीच्या दांडीवर बोटांनी काहीतरी वाजवत बसला होता. मी खाली उभा राहून अगदी लक्ष देऊन ऐकले. ते तिचेच गाणे होते की दुसरे काही, हे मला ओळखता आले नाही.